आठ कॉर्डलेस अन् नववा आवाज : नाटकाच्या सिझनआधीच्या प्रकल्प नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार, दसरा

सकाळी मशीनची पूजा झाली. मिक्सर, दोन अँप्लिफायर, रिसीव्हरचा रॅक, सगळ्यांवर झेंडू अन् आपट्याचं पान. आमच्या पोट्ट्याने जनसेटलाही (जनरेटर) हळदकुंकू लावलं, बरंच केलं म्हणा, सगळ्यात कमी भरवसा त्याचाच आहे.

भाऊबीजेपासून झाडीपट्टीच्या नाटकांचा सिझन. वडशात (गडचिरोली जिल्हा) नाटक कंपन्यांच्या ऑफिसांपुढे बुकिंगवाल्यांची गर्दी सुरू झाली, गावोगावच्या मंडळांचे लोक तारखा जुळवत फिरून राहिले. आपलं काम साउंडचं. ही वही आजपासून लिहितो कारण मागच्या सिझनला जी फजिती झाली ती परत नको.

फजिती अशी. लाखांदूर रोडवरच्या एका गावात प्रयोग, रात्रीचे अडीच वाजलेले, तिसरा अंक, थंडी मरणाची अन् पब्लिक शाली-घोंगड्या घेऊन गच्च. बाप मरून पडला आहे, पालथा. हिरो धावत येतो, हिरोइन त्याच्या गळ्यात पडते, अन् नेमकं तेव्हाच मेलेल्या बापाच्या चॅनेलमधून खर्रर्र करून आवाज आला, हिरोचाच डायलॉग पण फाटलेला, चुरगळलेला, जसा काही डबड्यात तोंड घालून कोणी ओरडून राहिला. पब्लिक हसलं. मागून एक जण ओरडला, "बुढा जित्ता झाला रे!" रडायच्या सीनचं वाटोळं. कंपनीचे मालक दुसऱ्या दिवशी काही बोलले नाहीत, फक्त हिशेबात पाचशे कमी दिले.

पूर्वी स्टेजवर दोन-तीन माइक टांगलेले असायचे, नटाने त्याच्याखाली येऊन बोलायचं, आवाज कमी-जास्त व्हायचा पण मेलेला माणूस बोलत नव्हता. आता सगळ्यांना कॉर्डलेस पाहिजे, कॉलरला माइक अन् कमरेला ट्रान्समीटर, तो आवाज रेडिओने सोडतो अन् रॅकमधला ज्याचा-त्याचा रिसीव्हर पकडतो. ठीक आहे, पण मग आठच्या आठ एकत्र चालवणं हे वेगळं शास्त्र आहे हे मला तेव्हा कळलं नव्हतं. मला वाटलं सेट हलका आहे.

१४ ऑक्टोबर

आज घरीच ओसरीवर सगळा रॅक मांडला. आठही ट्रान्समीटर सुरू करून बाजेवर ओळीने ठेवले अन् एक साधी टेस्ट केली, जी खरं तर पहिल्याच दिवशी करायला पाहिजे होती: सगळे चालू ठेवायचे, फक्त एक बंद करायचा अन् त्याच्या रिसीव्हरचा सिग्नल मीटर पाहायचा. माइक बंद म्हणजे मीटर शून्य पाहिजे की नाही?

तीन नंबर बंद केला. मीटरवर चार काड्या. पोट्टा म्हणे, "भाऊ, बंद नाई झाला वाट्टे." मी सेल काढून त्याच्या हातात दिले. सेल त्याच्या हातात अन् मीटरवर चार काड्या तशाच!

मग एकेक करून सगळे तपासले. मधले, म्हणजे चार अन् पाच नंबरचे चॅनेल सगळ्यात वाईट, पाच-पाच काड्या. टोकाचे एक अन् आठ त्यातल्या त्यात शांत. म्हणजे कुठून तरी सिग्नल तयार होऊन राहिला जो कोणीच सोडत नाही. सेट हलका आहे का नाही हा प्रश्न राहू द्या, पण आठपैकी आठही रिसीव्हर एकाच वेळी बिघडणार नाहीत ना.

मागच्या वर्षी फ्रिक्वेन्सी मीच लावल्या होत्या. ६४०.०, ६४०.५, ६४१.०, ६४१.५ असं करत ६४३.५ मेगाहर्ट्झपर्यंत, अर्ध्या-अर्ध्याच्या अंतराने. रोवणीला दोरी लावून धान लावतात तसं एका रांगेत, दिसायला इतकं छान की मी फोटो काढून ठेवला होता.

१६ ऑक्टोबर, कोजागिरी

रात्री गच्चीवर दूध आटवणं सुरू होतं, अर्गनवाले काका पण आले होते. त्यांना बापाच्या माइकची गोष्ट सांगितली तर ते म्हणाले, "त्यात काय नवल, दोन सूर जवळ आले का डोलतेच." त्यांच्या पेटीतल्या दोन पत्त्या (रीड) किंचित उतरल्या-चढल्या असल्या की आवाज वाँव-वाँव करतो, तेच हे, असं त्यांचं म्हणणं.

इथे माझी अन् काकांची तासभर जुंपली. कारण ते डोलणं वेगळं अन् हे वेगळं. एक सूर ४४० हर्ट्झचा अन् दुसरा ४४३ चा असला तर आवाज सेकंदाला तीनदा कमी-जास्त होतो, बरोबर, पण तिथे ३ हर्ट्झचा नवीन सूर जन्मत नाही, दोघेच असतात, फक्त कधी एकमेकांना साथ देतात कधी कापतात. नवीन फ्रिक्वेन्सी जन्मायला दोघांना अशा ठिकाणातून जावं लागतं जे सरळ वागत नाही. सरळ म्हणजे, एक पायली टाकली तर एक पायली निघाली, दोन टाकली तर दोन. ओव्हरलोड झालेलं मशीन असं वागत नाही, दोन टाकली तर पावणेदोनच देतं, वरचं डोकं छाटून टाकतं. त्या छाटण्यात दोन लाटांचा गुणाकार होतो अन् गुणाकारातून बेरजेच्या अन् वजाबाकीच्या नवीन फ्रिक्वेन्स्या निघतात.

बोलून कोणी ऐकत नाही म्हणून करून दाखवलं. एका मोबाइलवर १००० हर्ट्झचा टोन, दुसऱ्यावर ११००, दोन्ही वायरने मिक्सरला, मिक्सरमधून लहान अँप्लिफायरला, अन् तिसऱ्या मोबाइलवर स्पेक्ट्रम दाखवणारं ॲप. आवाज कमी ठेवला तर पडद्यावर दोनच सुळके, १००० अन् ११००. मग अँप्लिफायरचा लाल दिवा लागेपर्यंत मास्टर चढवला, मोबाइल मुद्दाम लांब नेऊन ठेवला कारण मोबाइलचा माइकही ओव्हरलोड होऊन खोटं दाखवू शकतो. आता दोनाच्या बाजूला ९०० अन् १२०० उगवले. अजून थोडा चढवला तर ८०० अन् १३०० पण.

९०० कसा आला? हजाराची दुप्पट २०००, त्यातून ११०० वजा. १२०० कसा? ११०० ची दुप्पट २२००, त्यातून १००० वजा. काकांनी बोटावर मोजलं, परत मोजलं, मग म्हणाले, "अन् आठशे?" हजाराची तिप्पट वजा अकराशेची दुप्पट. काका गप्प. दूध खाली लागलं तोपर्यंत.

काकांना हेही सांगितलं की इटलीचा तार्तिनी नावाचा व्हायोलिनवाला १७१४ साली हेच म्हणत होता, दोन सूर जोरात वाजवले की तिसरा खालचा सूर ऐकू येतो. तिथे ओव्हरलोड होणारं मशीन म्हणजे आपला कानच. यावर काका खूश, म्हणजे संगीतवाल्यांनाच आधी कळलं.

१९ ऑक्टोबर

आजचा दिवस वाया गेला असं म्हणायला जीवावर येतं पण गेला.

मामेभाऊ टॉवरवर चढायचं काम करतो, मोबाइल कंपन्यांच्या अँटेना बसवायचं. त्याला फोन लावला तर म्हणाला, "तुया स्टेजचे पाइप गंजले असन, बोल्ट पाह्य." त्यांच्या लाइनमध्ये याला पॅसिव्ह इंटरमॉड म्हणतात अन् ते लोक याला भुतासारखे घाबरतात. गंज म्हणजे धातूवर ऑक्साइडचा थर, अन् धातू-ऑक्साइड-धातू असा सांधा झाला की तो कच्च्या डायोडसारखा वागतो, म्हणजे सरळ वागत नाही, म्हणजे दोन सिग्नल त्यातून गेले की तिथे भेसळ तयार. वीज नाही, ट्रान्झिस्टर नाही, नुसता गंजलेला बोल्ट किंवा अँटेनासमोरचं सैल टिनपत्र, तरी. त्याने सांगितलं की अँटेनाचा कनेक्टर हाताने आवळून चालत नाही, टॉर्कचा पाना लागतो, अन् टेस्टिंगला वीस-वीस वॅटचे दोन सिग्नल सोडून पाहतात की भेसळ त्यापेक्षा दीडशे डीबी (डेसिबल, दर दहाला दहापट) तरी खाली आहे का. दीडशे डीबी म्हणजे एकावर पंधरा शून्य, इतक्याव्या भागाची भेसळ सुद्धा त्यांना चालत नाही कारण टॉवरला त्याच अँटेनातून लांबच्या मोबाइलचा अगदी बारीक आवाज ऐकायचा असतो.

मला एकदम पटलं. मी अन् पोट्ट्याने दुपारी अकरा ते पाच स्टेजचे पाइप अन् क्लँप तारेच्या ब्रशने घासले, रेडऑक्साइड मारला. हात लाल, शर्ट लाल, बायको म्हणे नाटकात खून झाला का.

संध्याकाळी डोक्यात प्रकाश पडला. अरे, १४ तारखेला टेस्ट ओसरीवर केली होती. लाकडाच्या बाजेवर. पाइप होते मागच्या वाडीत!

अन् हिशेबही बसत नाही. माइकचा ट्रान्समीटर १० मिलीवॅटचा, टॉवरचा वीस वॅट, दोन हजार पटीचा फरक म्हणजे ३३ डीबी. या जातीची भेसळ सिग्नल एक डीबी कमी केला की तीन डीबीने खाली येते, म्हणजे इथे ९९ डीबीने. अन् पाइपापर्यंत त्या दहा मिलीवॅटातला किती पोचणार? मामेभाऊ त्याच्या जागी बरोबर आहे, माझ्या जागी नाही. पाइप रंगवायचे होतेच असं म्हणून मनाची समजूत काढली.

गंजलेला बोल्ट जाऊ द्या, आकाशसुद्धा हे करतं. १९३३ मध्ये हॉलंडमध्ये टेलेगन नावाच्या इंजिनिअरने नोंदवलं की स्वित्झर्लंडचं बेरोम्युन्स्टर स्टेशन लावलं तर त्याच्या मागे लक्झेंबर्ग रेडिओचा कार्यक्रम ऐकू येतो. लक्झेंबर्गच्या जोरदार सिग्नलने वरचा आयनांचा थरच हलत होता अन् त्यातून जाणाऱ्या दुसऱ्या स्टेशनवर त्याची छाप पडत होती.

२२ ऑक्टोबर

एसडीआरचा (सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या रेडिओचा) डोंगल आला, टीव्ही ट्यूनरच्या चिपवाला स्वस्तातला, लॅपटॉपला लावला की स्पेक्ट्रम दिसतो. एका वेळी दोन-अडीच मेगाहर्ट्झचीच खिडकी दिसते, सरकवत सरकवत पाहावं लागतं, पण आंधळ्याला काठी मिळाली.

लावल्या लावल्या घाबरलो. आठ माइकच्या जागी वीस-पंचवीस सुळके, जिकडे तिकडे. पोट्टा म्हणे, "भाऊ, हे तं पूर्ण गावच बोलून राह्यलं." मग लक्षात आलं की गेन सगळ्यात वर होता अन् डोंगल माइकपासून हातभर अंतरावर. डोंगलच ओव्हरलोड होऊन स्वतःच्या पोटात भेसळ करून राहिला होता. चोर पकडायला आणलेला पोलीसच चोर.

आता खरा प्रश्न: कोणता सुळका हवेतून तयार होऊन आला अन् कोणता ऐकणाऱ्याच्या पोटात तयार झाला, हे ओळखायचं कसं? याला एक फार सुंदर युक्ती आहे. अँटेनाच्या वायरमध्ये अ‍ॅटेन्युएटर टाकायचा. तो सिग्नल बारीक करतो; १० डीबीचा टाकला तर खरे सिग्नल १० डीबीने खाली येतील. भूत, म्हणजे भेसळीचा सुळका, बाहेरच तयार होऊन आलं असेल तर तेही १० नेच खाली येईल कारण रिसीव्हरच्या दृष्टीने तो एक साधा सिग्नल आहे. पण भूत रिसीव्हरच्या पोटात तयार होत असेल तर ते ३० ने कोसळेल, वरचाच एकाला तीनचा नियम.

अ‍ॅटेन्युएटर कुठून आणायचा? केबलवाल्याकडून. त्याच्याकडे डबाभर पडले आहेत, डिश आल्यापासून कोणी विचारत नाही. ७५ ओहमचे आहेत, आपली वायर ५० ची, पण या कामाला चालतं. चहावर दोन दिले.

टाकून पाहिलं. पंचवीसपैकी बहुतेक सुळके गायब, म्हणजे ते डोंगलचे स्वतःचे. उरलेले दहा-बारा शिस्तीत १० डीबीने खाली आले. म्हणजे ते हवेतून येऊन राहिले. म्हणजे रिसीव्हर निर्दोष, भेसळ ट्रान्समीटरमध्येच होऊन राहिली.

मग एक अन् दोन नंबरचे ट्रान्समीटर घेतले, एकमेकांना चिकटवले: ६४१.० वर सुळका. वीतभर लांब केले: बारीक झाला. तीन-चार फूट लांब केले: नाहीसा. परत चिकटवले: परत उभा. असं आम्ही वीस वेळा केलं असेल, पोट्ट्याला तर खेळणंच सापडलं. एका ट्रान्समीटरचा सिग्नल दुसऱ्याच्या अँटेनातून उलटा आत शिरतो, त्याच्या शेवटच्या ट्रान्झिस्टरमध्ये दोघांची भेसळ होते अन् ती त्याच अँटेनातून बाहेर पडते.

म्हणजे मिठी! हिरोचा दोन नंबर, ६४०.५. हिरोइनचा एक नंबर, ६४०.०. दोघांचे ट्रान्समीटर कमरेला. मिठी मारली की बित्ताभराचं अंतर. ६४०.५ ची दुप्पट १२८१.०, त्यातून ६४०.० वजा, ६४१.०. बापाचा तीन नंबर, ६४१.०. अन् बाप पालथा पडलेला, त्याचा ट्रान्समीटर पोटाखाली दबलेला, माणसाचं अंग म्हणजे निव्वळ पाणी, या फ्रिक्वेन्सीला ते पिऊन टाकतं. एफएममध्ये, म्हणजे आवाजाप्रमाणे फ्रिक्वेन्सी हलवायच्या या माइकच्या पद्धतीत, ज्याचा सिग्नल जोरदार तोच ऐकू येतो, दुसरा दबतो. बापाचा सिग्नल मेला अन् भूत जिंकलं. हिरोच्या फ्रिक्वेन्सीची दुप्पट होते म्हणून त्याच्या आवाजाचं हलणंही दुप्पट होतं, म्हणून तो फाटका, अन् मागून हिरोइनचं रडणं. सगळं जसंच्या तसं. मी रात्री साडेअकराला मालकांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले झोप.

२५ ऑक्टोबर

हिशेबाचा दिवस. धान कापणीला बाया मिळून नाही राहिल्या म्हणून घरचे सगळे बांधीत अन् मी कागद घेऊन ओसरीवर, शिव्या खाऊन बसलो.

दोन सिग्नल मिसळले की बेरीज निघते, १२८०.५, अन् वजाबाकी, ०.५. या दोन्ही आपल्या पट्ट्यापासून इतक्या लांब की फिल्टरच खाऊन टाकतो, त्यांची चिंता नाही. त्रास देणारी ती तिसऱ्या दर्जाची, एकाची दुप्पट वजा दुसरा, कारण ती बरोबर शेजारी येऊन बसते. तीन माइक असले की अजून एक जात: पहिला अधिक दुसरा वजा तिसरा.

मोजलं. दोन माइक असले तर असे २. चार असले तर २४. आठ असले तर दुप्पटवाले ५६ अन् तिघांचे १६८, मिळून २२४. आठ माइक अन् दोनशे चोवीस भुतं! अन् मी फ्रिक्वेन्सी सारख्या अंतरावर लावल्यामुळे प्रत्येक भूत अर्ध्या मेगाहर्ट्झच्याच गुणाकारात पडणार, म्हणजे मध्ये मोकळ्या जागेत पडणारच नाही, एक तर पट्ट्याच्या बाहेर किंवा सरळ कोणाच्या तरी डोक्यावर. मधल्या चॅनेलवर सगळ्यात जास्त गर्दी, म्हणून चार अन् पाच नंबर सगळ्यात वाईट. शेतात दोरी लावली तर कोळपं नीट चालतं, इथे दोरी लावली म्हणूनच वाट लागली.

मग पाहिजे काय? असे आठ आकडे, ज्यांच्यात कोणत्याही दोघांमधलं अंतर दुसऱ्या कोणत्याही दोघांमधल्या अंतराइतकं नसेल. तसं असलं तर दुप्पटवालं असो की तिघांचं असो, तिसऱ्या दर्जाचं एकही भूत कोणावर बसूच शकत नाही. हे काही मी शोधलं नाही, अमेरिकेत बेल कंपनीच्या जर्नलमध्ये बॅबकॉक नावाच्या माणसाने १९५३ मध्येच रेडिओच्या चॅनेलसाठी हे मांडलं आहे. गणितवाले अशा आकड्यांना गोलोंब रूलर म्हणतात, म्हणजे अशी पट्टी जिच्यावर मोजक्याच खुणा आहेत पण प्रत्येक अंतर एकदाच मोजता येतं. आठ खुणांची सगळ्यात आखूड पट्टी ३४ ची:

०, १, ४, ९, १५, २२, ३२, ३४

पोट्टा बारावी सायन्स आहे, त्याला बसवलं सगळी अठ्ठावीस अंतरं काढायला. एकही दुबार नाही आलं. तो दोनदा तपासून म्हणाला, "गजब आहे बावा." मलाही तसंच वाटलं, पण मी मोठा आहे म्हणून नुसती मान हलवली.

एक घर ०.४ मेगाहर्ट्झचं धरलं, कारण याहून जवळ दोन माइक या सेटला झेपत नाहीत. मग आठ फ्रिक्वेन्सी: ६४०.०, ६४०.४, ६४१.६, ६४३.६, ६४६.०, ६४८.८, ६५२.८, ६५३.६. फोटो काढावा अशी नाही दिसत. साडेतीन मेगाहर्ट्झमध्ये मावत होतं ते आता साडेतेरा खाते. जागा जास्त लागते, ही त्याची किंमत.

२७ ऑक्टोबर

नवीन आकडे भरले. परत ओसरी, परत बाज, परत तीच टेस्ट. एक बंद: शून्य. तीन बंद: शून्य. चार, पाच, सहा, सात, आठ: शून्य, शून्य... पोट्टा नाचायला लागला.

दोन बंद: एक काडी.

तीही लुकलुकणारी, पण काडी. अर्धा तास डोकं खाजवलं. आठवलं कोजागिरीचं, ८०० हर्ट्झ, तिप्पट वजा दुप्पट, पाचव्या दर्जाची भेसळ. त्या पट्टीची खात्री तिसऱ्या दर्जाचीच आहे, पाचव्याची नाही. सगळ्या जोड्या तपासल्या तर एकच जोडी सापडली: पाच अन् सहा नंबर. ६४६.० ची तिप्पट १९३८.०, ६४८.८ ची दुप्पट १२९७.६, वजा केले तर ६४०.४. नेमका दोन नंबर! पाच अन् सहा एकमेकांपासून हातभर लांब केले तर काडी गेली. पाचव्या दर्जाच्या तिघा-तिघांच्याही जाती आहेत पण त्या मीटरपर्यंत पोचत नाहीत, सोडून दिल्या.

फ्रिक्वेन्सी बदलायची का? नाही बदलली. त्याऐवजी मालकांकडे गेलो अन् नाटकाची वही मागितली. ते म्हणाले, "तुले काय करायची? काम पाह्यजे का काय नाटकात?" म्हटलं, कोण कोणाला मिठी मारते ते पाहायचं आहे.

रात्रभर वाचली. पाच नंबर दिला सावकाराला अन् सहा नंबर हिरोच्या बहिणीला, दोघांचा पूर्ण नाटकात एकत्र एकही सीन नाही. दोन नंबर निवेदनवाल्याला, जो रिसीव्हरच्या बाजूलाच उभा राहतो, त्याचा सिग्नल कधी मरत नाही. हिरो तीन, हिरोइन आठ. बाप सात. कोणाचं कोणाशी पटत नाही हे बघून माइक वाटायचे, असं कोणत्या मॅन्युअलमध्ये लिहिलं नसेल.

३१ ऑक्टोबर

थोडक्यात. जुना दोन माइकचा सेट ७४० च्या आसपासचा पडून आहे, तो आता फुकाचा. ७०० च्या बँडमध्ये ७०३ ते ७४८ हे मोबाइलकडून टॉवरकडे जायचं अन् ७५८ ते ८०३ टॉवरकडून मोबाइलकडे, फाइव्ह-जी तिथे आलं आहे. हजार-दोन हजार लोक खिशात मोबाइल घेऊन बसले की तिथे माइक चालवणं म्हणजे शंकरपटाच्या धावपट्टीवर खाट टाकणं. सेट विकायचा, पण घेणाऱ्याला सांगून विकायचा.

विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला. एका उमेदवाराचा माणूस प्रचारासाठी माइक भाड्याने मागून गेला, दुप्पट पैसे देतो म्हणे. नाही दिला. परत आला असता का हा एक प्रश्न अन् कोणत्या फ्रिक्वेन्सीवर आला असता हा दुसरा.

५ नोव्हेंबर

काल रात्री सिझनचा पहिला प्रयोग. ब्रह्मपुरीच्या बाजूचं गाव, नाव नाही लिहित कारण तिथल्या मंडळाने जेवण उशिरा दिलं.

दुपारी चारला पोचलो, आधी स्कॅन. आपले सगळे माइक बंद ठेवून पूर्ण ६४० ते ६५४ चा पट्टा पाहिला, साफ. मग एलईडीचा मोठा पडदा सुरू केला तर खालचा गाळ (नुसती खरखर) सात-आठ डीबीने वर आला, असं होतं हे माहीत होतं. रिसीव्हर पडद्याच्या मागे होते ते काढून समोर अर्गनवाल्या काकांच्या बाजूला आणले, अँटेना खांद्याच्या उंचीवर, नटांपासून तीन-चार मीटर तरी लांब. फार जवळ घेतल्या तर रिसीव्हर ओव्हरलोड, फार लांब तर सिग्नल कमजोर.

दहाच्या पुढे पडदा उघडला. पहिला अंक स्वच्छ, दुसऱ्यात लावणी, शिट्ट्या. तिसऱ्यात मिठी. मी फेडरवर बोट ठेवून श्वास रोखून बसलो, बाप पालथा, हिरोइन धावली, गळ्यात पडली.

काही नाही. नुसतं तिचं रडणं. बाया पदर लावून रडून राहिल्या अन् मी हसून राहिलो, काकांनी कोपर मारलं.

पण चौथ्या अंकात सावकाराच्या माइकात खरखर आली. धावत विंगेत गेलो तर ज्यांचं काम संपलं त्या चौघांनी ट्रान्समीटर काढून टेबलावर एकमेकांवर ढीग करून ठेवलेले, सगळे चालू! चार ट्रान्समीटर अंगाला अंग लावून अन् ते टेबलही सावकाराच्या एंट्रीच्या जागी, त्याच्या कमरेपासून फूटभर. इतक्या जवळ पाचव्या-सातव्या दर्जाची भुतंही जागी होतात, पट्टीचं गणित तिथे कुठवर पुरणार. बंद करायला सांगितलं तर एक नट म्हणे, "बंद केला तं पुन्हा चालू कराचा राह्यते मंग." त्याचंही खरं आहे, गेल्या वर्षी एक जण बंद माइक घेऊन पूर्ण स्वगत बोलून आला होता.

९ नोव्हेंबर

उपाय सापडला तो घरातूनच. पोळ्यांचा स्टीलचा डबा, झाकणवाला, असे चार. काम झालं की चालू ट्रान्समीटर डब्यात टाकायचा अन् झाकण लावायचं. बाहेर पाहिलं तर मीटर पूर्ण काड्यांवरून एकावर येतो, झाकण नीट बसलं तर तीही जाते. एका डब्यात एकच, दोन टाकले तर डब्यातच संसार सुरू होईल. आईने विचारलं डबे कुठे गेले, तिला सांगितलं नाटकात काम मिळालं त्यांना.

डब्यांवर मार्करने नंबर टाकले. रॅकच्या झाकणाच्या आतून आठ फ्रिक्वेन्सी अन् खाली मोठ्या अक्षरात: पाच-सहा एकत्र देऊ नये.

१२ नोव्हेंबर

आरमोरीकडचा प्रयोग झाला, साउंडची तक्रार नाही. जनसेट मात्र दुसऱ्या अंकात बंद पडला, वीस मिनिटं अंधार. मालकांनी नवीन नाटकाची वही दिली, पंधरा तारखेला कुरखेड्याला लागणार. पहिलं पान उघडलं तर पात्रं दहा. दहा खुणांची पट्टी ५५ ची येते, ०.४ ने बावीस मेगाहर्ट्झ, आपला सेट चोवीसचा आहे, म्हणजे बसते. पण या नाटकात शेवटी सगळे जण एकमेकांच्या गळ्यात पडतात. लेखकाला फोन करतो उद्या.